विश्वास ठेव म्हणजे नेमकं काय करू, भाऊ?

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण अर्धवट वाचून कमेंट टाकू नका, एवढी विनंती.

धान कापून कडपा शेतात पडलेल्या असताना अवकाळी पाऊस आला की काय होतं, हे गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. कडपा भिजतात, लोंबीलाच कोंब फुटतात, आणि जे हाती लागतं ते आधारभूत केंद्रावर कोणी घ्यायला तयार होत नाही. घेतलं तर चुकारे कधी येतील याचा पत्ता नाही. बोनसची घोषणा एका वर्षी, पैसे दुसऱ्या वर्षी. तोवर सोसायटीचं कर्ज, खताच्या दुकानाची उधारी आणि बायकोच्या नावावर उचललेला बचत गटाचा हप्ता, हे तिघं दारात उभे. असा एक भाऊ आमच्या मंडळीत आहे. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. त्यानं आपली अडचण दोन ओळींत ग्रुपवर टाकली. दहा मिनिटांत चाळीस उत्तरं आली. हात जोडलेले चाळीस इमोजी, आणि "भाऊ विश्वास ठेव, प्रभू मार्ग काढेल."

त्यानं मला खासगीत विचारलं, "विश्वास ठेव म्हणजे नेमकं काय करू, भाऊ? ठेवलाच आहे ना. मग आता काय करू?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मी ख्रिस्ती आहे. वडील रेल्वेत होते, गोंदियातच वाढलो, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणाऱ्या माणसांपैकी एक. पाळक नाही, उपदेशक नाही. त्यामुळे हे प्रवचन समजू नका. माझे निम्म्याहून जास्त वाचक हिंदू आणि बौद्ध आहेत, त्यांनाही हे लागू पडेल असं वाटतं, कारण माणूस संकटात सापडला की धर्म कोणताही असो, पुरुष एकच गोष्ट करतो. गप्प बसतो.

आकडा बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरोच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केली. त्यात पुरुष १,२२,७२४. दर दहांत सात. विदर्भाला हे आकडे नवीन नाहीत, आपण ते दरवर्षी वाचतो आणि पान उलटतो. पण दहांत सात पुरुष का, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. कर्ज फक्त पुरुषाला असतं का? त्या घरातली बाई त्याच कर्जात असते, वर रोवणीला जाते, वर चुलीजवळ बसते. फरक एवढाच की ती बोलते. बहिणीला सांगते, शेजारणीला सांगते, चर्चमध्ये उभी राहून रडत रडत प्रार्थना करते. आणि तिचा नवरा बाहेर मोटारसायकलवर बसून उपासना संपायची वाट पाहतो.

आता विश्वासाबद्दल.

आमच्या भागातून जाणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगतो. अगदी शब्दशः इथून जाणाऱ्या. नागपूरहून राजनांदगावला जायची रेल्वे तेव्हाही तीच होती जी आज आहे. भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा, मग डोंगरगड. १८९३ साली या गाडीत नारायण वामन टिळक बसले होते. हो, तेच, कवी रेव्हरंड टिळक. तेव्हा ते रेव्हरंड नव्हते. कोकणातल्या करजगावला १८६१ मध्ये जन्मलेले चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे जाणकार, नागपुरात काही काळ काम केलेले आणि आता राजनांदगाव संस्थानात नोकरी पत्करलेले. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला. दोघांच्या संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या. उतरताना त्या माणसानं नव्या कराराची एक प्रत हातात दिली आणि म्हणाला की तुम्ही हे मनापासून वाचलंत तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते तेव्हा हास्यास्पद वाटलं. पण वाचायचं कबूल केलं होतं म्हणून वाचायला बसले. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरचं प्रवचन आलं आणि तिथेच अडकले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आता इथपर्यंतची गोष्ट आमच्या चर्चमध्ये साक्ष म्हणून सांगितली जाते. टाळ्या पडतात. पण खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते, आणि ती सांगायला बाई लागली. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी कुठूनही मिळवून वाचा. १९३४ ते १९३६ या काळात ते भागाभागानं छापलं गेलं, शंभरी जवळ आली, तरी मराठीत त्याच्या तोडीचं आत्मचरित्र मला तरी दुसरं दिसत नाही.

काय झालं टिळकांचं, श्रद्धा स्वीकारल्यावर? संकटं संपली? उलट सुरू झाली. राजनांदगावची नोकरी सुटली. जातीनं टाकलं. भावंडं, सोयरे, मित्र तुटले. बायको दुसरीकडे, लहानगा दत्तू तिच्याजवळ, आणि हे एकटे अहमदनगरला मिशनऱ्यांमध्ये. पाच वर्षांच्या आसपास हा संसार तुटलेलाच होता. लक्ष्मीबाईंनी जे सोसलं ते तर त्याहून मोठं, कारण त्यांनी काहीच निवडलं नव्हतं, नवऱ्यानं निवडलं आणि भोग त्यांच्या वाट्याला आले. त्या पुढे आपल्या विचारानं आल्या, आपल्या वेळी आल्या, १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कोणाच्या जबरदस्तीनं नाही. हा काळ कोणता होता, आठवा. मुंबई इलाख्यात प्लेग १८९६ पासून, आणि १८९९–१९०० चा तो भयंकर दुष्काळ. म्हणजे बाहेर मरण, घरात तुटलेपण, खिशात पैसा नाही.

आणि टिळक काही संत नव्हते, हे लक्ष्मीबाईंनी लपवलं नाही. तापट माणूस. डोक्यात राख घालून घेणारा. न सांगता घरातून निघून जाणारा. पगार हातात आला की वाटेत भेटलेल्या गरजूला देऊन रिकाम्या हाताने घरी येणारा. (आमच्या बायका हे वाचतील तेव्हा त्यांना टिळकांपेक्षा लक्ष्मीबाई जास्त जवळच्या वाटतील, आणि बरोबरच आहे.) मला हे वाचताना नेहमी बरं वाटतं. विश्वासू माणूस म्हणजे ज्याला राग येत नाही, ज्याचं कधी चुकत नाही, जो कायम हसत असतो, असं एक चित्र आमच्या तरुण पोरांपुढे ठेवलं जातं. त्या चित्रात न बसणारा पोरगा मग समजतो की माझा विश्वासच कमी आहे. टिळकांना त्या चित्रात बसवून दाखवा बरं.

टिळकांना विश्वासानं काय दिलं? माझ्या मते, काम सोडून न पळण्याचं बळ. त्यांनी शेकडो भक्तिगीतं लिहिली, अभंगाच्या आणि आपल्या मातीच्या चालीत, जी आजही महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये दर रविवारी गायली जातात. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन केलं. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरू केलं, ते पुरं झालं नाही, पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून संन्यासी वृत्तीने राहायचं ठरवलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र येऊ शकतील. दोन वर्षांत, ९ मे १९१९ ला गेले. हातात घेतलेलं बरंचसं अपुरं राहिलं.

अपुरं राहिलं, हे मुद्दाम लिहितोय. कारण आजकाल विश्वासाची जी जाहिरात चालते तिच्यात अपुरं काही राहतच नाही. कर्ज फिटतं, आजार पळतो, पोराला नोकरी लागते, व्हिसा मिळतो. मोबाईल उघडला की अशा साक्षींचा पूर. ज्यांचं कर्ज फिटलं नाही त्यांची साक्ष कोण रेकॉर्ड करणार?

पवित्र शास्त्रात मात्र अशा साक्षी भरल्या आहेत. पौलाला शरीरात काहीतरी 'काटा' होता. तो निघावा म्हणून त्यानं तीन वेळा विनवणी केली. निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, एवढं उत्तर मिळालं आणि त्याच काट्यासकट तो पुढे चालत राहिला. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

एलीयाचं घ्या. मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला. आणि दुसऱ्याच दिवशी राणी ईजबेलची धमकी आली तसा जीव घेऊन रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. हे राजे पहिले, एकोणिसाव्या अध्यायात आहे, आजच काढून वाचा. देवानं त्याला काय केलं? खडसावलं? विश्वास कमी पडला म्हणाला? नाही. आधी झोपू दिलं. मग दूतानं उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवलं. खाल्लं, परत झोपला. परत उठवलं, परत खायला दिलं, कारण पुढची वाट लांब होती. प्रवचन नाही. भाकर, पाणी, झोप. आणि थोडं पुढे गेल्यावर एक साथीदार, अलीशा.

मला विचाराल तर आमच्या चर्चमधल्या प्रत्येक वडीलधाऱ्यानं हा अध्याय पाठ करावा. कोणी भाऊ येऊन म्हणाला की जगावंसं वाटत नाही, तर त्याला आधी विचारा, जेवलास का? झोपलास का? कधीपासून नाही? मग त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जा. टेली-मानस म्हणून सरकारची मोफत फोनसेवा आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. नंबर सेव्ह करून ठेवा, स्वतःसाठी नाही तर दुसऱ्यासाठी. फोन करणं म्हणजे अविश्वास नाही. एलीयानं भाकर नाकारली नाही.

आणि स्वतः प्रभू येशू. गेथशेमानेच्या रात्री तो काय करतो बघा. पेत्र, याकोब, योहान या तीन मित्रांना जवळ घेतो आणि स्पष्ट सांगतो की माझा जीव मरणप्राय दुःखी झालाय, तुम्ही माझ्याजवळ जागे राहा. देवाचा पुत्र मित्रांना सांगतो की मला दुःख झालंय! हा प्याला टळू दे असं बापाला म्हणतो. भीती लपवत नाही. आणि ते तिघं बाप्पे काय करतात? झोपतात. दोन हजार वर्षं झाली, आम्ही अजून झोपलेलोच आहोत असं मला कधी कधी वाटतं. फरक एवढाच की झोपायच्या आधी आम्ही इमोजी टाकतो.

ज्या धर्माचा गुरू रडला, घामाघूम झाला, मित्रांची सोबत मागितली, त्या धर्मातल्या पुरुषांनी "मर्द को दर्द नहीं होता" हा सिनेमातला धर्म कुठून उचलला, कळत नाही.

आता थोडं कडू लिहितो. नाराज होणारे होवोत.

आपल्या पट्ट्यात सिकलसेल आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, सगळीकडे आहे. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ ला २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायची मोहीम सुरू केली, तपासणी मोफत होते, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. या आजारात लेकराच्या हाडांत जी कळ उठते ती ज्यानं पाहिली त्याला रात्रभर झोप येत नाही. असं लेकरू असलेला बाप काहीही करायला तयार होतो. त्याच्या या 'काहीही'चा फायदा घेणारे सर्व धर्मांत आहेत. बुवा आहेत, बाबा आहेत, मांत्रिक आहेत, आणि खेदानं लिहितो, आमच्यात चंगाईच्या नावानं दुकान मांडणारेही आहेत. प्रार्थना करा, मीही करतो, डोक्यावर हात ठेवून करा. पण जो कोणी सांगतो की गोळी बंद कर, गोळी घेणं म्हणजे अविश्वास, तो त्या लेकराचा शत्रू आहे. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. पौलानं तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर तेव्हाचा घरगुती उपाय सांगितला होता, उपास करून बघ म्हणाला नव्हता.

साप चावल्यावर तर एक मिनिटही नाही. बांधीत साप चावतो, रोवणीच्या दिवसांत जास्तच. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, ज्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य घालवलं आणि शेवटी जीव गमावला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. तो आमच्या लोकांनाही लागू आहे, आणि असायलाच पाहिजे.

येशूला सैतानानं मंदिराच्या शिखरावर नेलं आणि म्हणाला, उडी टाक, देव झेलेल. येशूनं उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहू नये असं उत्तर दिलं. गोळी बंद करून देव झेलतो का हे बघणं, ही तीच उडी आहे, आणि तीही स्वतःची नाही, लेकराची.

आता माझ्या ख्रिस्ती नसलेल्या मित्रांसाठी दोन शब्द, कारण संकट फक्त पाऊस आणि आजाराचं नाही.

सालेकसा, देवरी ओलांडलं की छत्तीसगड. तिथे आमचे नातेवाईक आहेत, रोटीबेटीचे संबंध आहेत. जानेवारी २०२५ मध्ये बस्तरमधल्या छिंदवाडा गावातला एक पास्टर वारला, ७ तारखेला. मुलाला वाटलं, आजोबा जिथे पुरले गेले त्या गावातच बापाला माती द्यावी. गावानं विरोध केला. मग स्वतःच्या शेतात देतो म्हणाला, तेही नाही. पोरगा हायकोर्टात गेला, तिथे हरला, सुप्रीम कोर्टात गेला. बापाचं प्रेत शवागारात. २७ जानेवारीला निकाल आला, दोन न्यायमूर्तींची दोन मतं. न्या. बी. व्ही. नागरत्ना म्हणाल्या, शेतात पुरू द्या. न्या. सतीशचंद्र शर्मा म्हणाले, ठरवलेल्या ख्रिस्ती स्मशानभूमीतच पुरा. प्रेत आणखी ताटकळत ठेवायला नको म्हणून शेवटी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापाल गावात, पोलीस बंदोबस्तात पुरायचा आदेश झाला. वीस दिवस एक मुलगा बापाची माती व्हावी म्हणून कोर्टाच्या पायऱ्या चढत होता.

त्या वीस दिवसांत त्याला कोणी म्हणालं असेल, विश्वास ठेव. तो त्यानं ठेवलाच होता, म्हणूनच अर्ज केला, वकील केला, तारखेला हजर राहिला. दगड उचलला नाही. माझ्या मते हा विश्वासच आहे. देवाच्या न्यायावर भरवसा असलेला माणूस इथल्या न्यायाच्या दारात उभं राहायला लाजत नाही. पौलानंही कैसराकडे अपील केलं होतं.

आणि 'तांदळाचे ख्रिस्ती' हा टोमणा. तांदळासाठी धर्म बदलला म्हणे. अरे बाप्पा, गोंदियात तांदळासाठी कोण धर्म बदलेल? इथे तांदूळ सगळ्यांकडेच आहे, भाव नाही तेवढा! पण गंमत सोडा. कागद बघा. अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे त्याची अनुसूचित जातीची ओळखच जाते. त्या आदेशात आधी फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. यावर विचार करायला ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन आयोग नेमला गेला. म्हणजे नियमानं बघितलं तर माणूस मिळवत नाही, गमावतो. आरक्षण गमावतो, गावातला मान गमावतो, कधी कधी बापाच्या मातीची जागा गमावतो. आमिष दाखवून, फसवून कोणी धर्म बदलत असेल तर त्याच्यावर जरूर कारवाई करा, मीही तुमच्या बाजूनं उभा राहीन. पण प्रत्येक ख्रिस्ती माणसाकडे विकला गेलेला म्हणून बघू नका. टिळक काय घेऊन विकले गेले होते?

इथे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. वसई आमच्यापासून महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, पण मराठी ख्रिस्ती माणूस म्हटला की आज पहिलं नाव त्यांचंच येतं. हरित वसईच्या आंदोलनात बिल्डर लॉबीच्या आणि गुंडगिरीच्या विरोधात हा धर्मगुरू रस्त्यावर उतरला, हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती सगळ्यांना घेऊन. पाणी आणि जमीन वाचवायची होती, चर्च वाढवायचं नव्हतं. 'सुबोध बायबल – नवा करार' या ग्रंथासाठी २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. मग उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवड झाली, तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या, पोलीस बंदोबस्त लावावा लागला. पाठीच्या दुखण्यानं बेजार असतानाही जानेवारी २०२० मध्ये ते उस्मानाबादला गेले आणि व्हीलचेअरवरून आले तरी बोलायचं ते बोलले. २५ जुलै २०२४ ला गेले. शोकसभेत कोणत्या धर्माचे लोक किती, हे मोजावंसं कोणाला वाटलं नसेल.

बघा, टिळक काय, दिब्रिटो काय, दोघांच्याही वाट्याचं संकट विश्वासानं टळलं नाही. संकटाच्या आत राहून त्यांनी दुसऱ्याचं ओझं उचललं. मला विश्वासाची एवढीच खूण ओळखता येते. तुमच्या संकटात तुम्ही अजून दुसऱ्या माणसाकडे बघू शकता का? बघू शकत असाल तर दिवा विझलेला नाही. आणि बघवत नसेल, अगदीच अंधार झाला असेल, तर मग दुसऱ्याला तुमच्याकडे बघू द्या. त्यालाच तर मंडळी म्हणतात.

म्हणून त्या भावाला मी काय उत्तर दिलं ते लिहितो, कारण त्यानं परवानगी दिली आहे. मी म्हटलं, सगळे कागद घेऊन ये. तो आला, पिशवी भरून. आम्ही तिघं बसलो, मी, एक निवृत्त बँकवाले काका (ते बौद्ध आहेत, प्रार्थनेला डोळे मिटत नाहीत, पण हिशेबाला बसले की उठत नाहीत) आणि तो. सोसायटीचं किती, खतवाल्याचं किती, गटाचं किती, कोणाचं व्याज जास्त. पंचनाम्यात नाव आहे का ते तलाठ्याकडे विचारायचं ठरलं. पीकविम्याची पावती सापडली, तीही पिशवीच्या तळाशी, रेशनकार्डाच्या आत. जास्त व्याजाचं आधी फेडायचं, त्यासाठी काय विकायचं आणि काय अजिबात विकायचं नाही याची यादी केली. म्हैस विकायची नाही, यावर त्याची बायको ठाम, आणि शेवटी तिचंच बरोबर निघालं, कारण दूधाचा पैसा आठवड्याला येतो. कर्ज फिटलं का? नाही फिटलं. अजून दोन हंगाम तरी लागतील. पण त्याला आता आकडा माहीत आहे. आधी त्याला आकडाच माहीत नव्हता, फक्त भीती माहीत होती.

प्रार्थना केली का? केली. शेवटी केली, जेवल्यावर. त्यानंच केली, पहिल्यांदाच मोठ्यानं.

चर्चच्या पंचकमिटीला मी एवढंच सुचवलं आहे की महिला मंडळासारखी पुरुषांचीही बैठक असावी. भाषणं नकोत, पाहुणे वक्ते नकोत, शाल-श्रीफळ तर नकोच. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले होते, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडून कारणं सांगायला लागले तिथून बिघडलं. आपल्यालाही आधी गप्प बसून ऐकायला शिकावं लागेल. कमिटीत एक-दोघांनी विचारलं की पुरुष येतील का. मला माहीत आहे, पहिल्या वेळी पाचही येणार नाहीत. आलेले तीन जण धानाच्या भावावर बोलतील आणि घरी जातील. चालेल. धानाच्या भावावरून सुरुवात झाली तर ती खोटी सुरुवात नाही.

सध्या कमिटीचं ठरेपर्यंत बैठक माझ्या घरी आहे, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी सहाला. ख्रिस्ती असाल, नसाल, चालेल. ओळखीचे आहात, घर माहीतच आहे, नसेल तर मेसेज करा. कर्जाचे कागद असतील तर सोबत आणा, दवाखान्याची फाईल असेल तर आणा. काहीच आणायचं नसेल तर नुसते या, चहा आहे. आणि बाहेर मोटारसायकलवर बसू नका, आत या.